पिकाची हरकत

इब्राहिमने चहाची कपबशी टेबलाच्या कडेवरून अलगद आत सरकवली आणि उजवा हात छातीला लावला.

“माफ करा, माझा रोजा हाय.”

“असू दे, असू दे,” चेअरमन यादवआप्पा म्हणाले.

पण टेबलाभोवतीचे सगळे त्या भरलेल्या कपाकडे पाहू लागले. आठ कपांतले सात रिकामे झाले, आठव्यावर साय धरू लागली आणि तो कुणी उचलूनही नेईना.

पाडळखेड्याच्या उपसा सिंचन सोसायटीच्या कचेरीत त्या दुपारी पंप ड्रायव्हरच्या जागेसाठी मुलाखती चालल्या होत्या. जुन्या ड्रायव्हरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि दिवाळीनंतर तो घरी बसला होता. त्या वर्षी, एकाहत्तर साली, पावसाने तोंड दाखवलं ते पाहुण्यासारखं, चार दिवस. आता गावाची भिस्त धरणावर होती. धरणातून रब्बीचं पाणी सुटलं की ते नदीत आठ दिवस टिके, आणि त्या आठ दिवसांत नदीकाठचं डिझेल इंजिन जेवढं उपसेल तेवढंच गावाचं. पाणी पंधरा दिवसांवर आलं होतं आणि इंजिनाजवळ माणूस नव्हता.

पाच उमेदवार आले होते. इब्राहिम शेवटचा. वय चौतिशीचं, अंगात धुतलेला पांढरा सदरा, नखांच्या कडांना मात्र ग्रीसचा काळा मुरलेला, तो कुठल्या साबणाने जाणारा नव्हता. संगमनेरजवळ एका बागायतदाराच्या इंजिनावर त्याने आठ वर्षं काढली होती. मालकाने विजेची मोटार बसवली आणि इब्राहिमची भाकरी गेली. त्याला आजवर जेवढं विचारलं गेलं नसेल तेवढं आप्पांनी आज विचारलं. फूट व्हॉल्व्ह गळतो ते कसं ओळखायचं, काळा धूर कशाने येतो, इंजिन तापलं तर आधी काय करायचं. तो एकेक सांगत गेला. वर म्हणाला,

“सकाळी येताना मी नदीवर जाऊन आलो. तुमचा पट्टा चार बोटं सरकून चालत असनार. पुलीची कड झिजलीय. पानी यायच्या आधी तेवढं करून घ्या. डायवर कुनीबी ठेवा, पन ते करून घ्या.”

आप्पांनी मान हलवली. मुलाखतीआधीच नदीवर जाऊन आलेला हा पाच जणांतला एकटाच होता.

कोपऱ्यात मांडीवर जाडजूड प्रोसिडिंग बुक घेऊन बसले होते ते सोसायटीचे सेक्रेटरी गहिनीनाथ. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आवाज खणखणीत, आणि स्वभाव इतका गरीब की दुपारी बारा वाजता कुणी रात्र आहे म्हणालं तर यांनी कंदील शोधायला उठावं. अकरा वर्षांत त्यांनी या बुकात जे लिहिलं, त्यातलं निम्मं तीन शब्दांत मावलं असतं : चर्चा होऊन सर्वानुमते. या टेबलाभोवती आई-बहिणीवरून शिव्या झाल्या होत्या, एकदा एका संचालकाने दुसऱ्याच्या अंगावर शाईची दौत फेकली होती, आणि बुकात लिहिलं गेलं होतं, ‘चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.’

“हे समदं झालं,” छगनराव म्हणाले. “आता मुद्द्याचं इचारतो. राग मानू नको.”

छगनराव संचालकांतले वजनदार. कांद्याचे मोठे बागायतदार, बोलायला रोखठोक, पोटात एक आणि ओठात एक असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या भाच्यानेही अर्ज केला होता. दोन महिने ट्रॅक्टर चालवल्याच्या भांडवलावर तो मघाशी मुलाखत देऊन बाहेर बाकावर बसला होता.

“इचारा,” इब्राहिम म्हणाला.

“पंप सुरू करायचा तर आधी त्याला पानी पाजावं लागतं. कोरडा पंप नुस्ता फिरतो, वढत न्हाई. खरं का न्हाई?”

“खरं हाय.”

“ते पाजतो डायवर. म्हंजी गावाचं पयलं पानी डायवरच्या हातचं. त्याच पान्यानं हौद भरतो, हौदातनं बायका देवाला पानी नेत्यात. हंगामाच्या पयल्या दिशी आमी समदे ते पानी डोळ्याला लावतो. आन तू पडला मुसलमान. तुझ्या हातचं पानी गावानं डोळ्याला कसं लावायचं, ते सांग.”

एका संचालकाने खिडकीबाहेर पाहिलं, दुसऱ्याने पानाची चंची उघडून पुन्हा बंद केली. आप्पांना प्रश्न आवडला नव्हता, पण तो आपल्याला विचारावा लागला नाही याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

इब्राहिमने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“छगनराव, हे माझ्या आधीच्या चौघांना इचारलं का?”

“त्यांना कशाला?”

“बरं.” तो थोडा थांबला. “कामाचं तुमी जे इचारलं ते मी सांगितलं. याचंबी सांगतो. पन आधी एक इनंती हाय. भाऊसाहेब लिहून घेत्यात, तर हा सवाल छगनराव जसा बोलले तसा लिहून घ्यावा, शब्द न बदलता. आन त्याच्याखाली माझा जबाब.”

“कशाला रं?” आप्पा म्हणाले. “या काय लिव्हायच्या गोष्टी अस्त्यात का?”

“आप्पा, या वर्सात मी तीन जागी मुलाखतीला गेलो. वाईट कुनी बोललं न्हाई. समद्यांनी चहा पाजला, ‘कळवतो’ म्हनले. पत्र एकाचंबी आलं न्हाई. का आलं न्हाई ते मला ठावं हाय, त्यांनाबी ठावं हाय, पन कागदावर कुठंच काय न्हाई. छगनरावांनी पयल्यांदा तोंडावर इचारलं. मला त्याचं बरं वाटलं, खोटं सांगत न्हाई. आता तेवढं लिहिलं म्हंजी झालं.”

तो चढ्या आवाजात बोलला असता तर गोष्ट सोपी होती. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं असतं आणि घरी जाऊन दोन घास जास्त खाल्ले असते. पण तो पट्टा सरकल्याचं सांगितलं होतं त्याच आवाजात हे सांगत होता.

छगनराव ताठ बसले. त्यांना वाटलं, आपल्या मर्दुमकीवरच बोट ठेवलं.

“लिव्हा की! मी काय भितो का कुनाला? बोललो ते बोललो.”

आप्पा हसले. “लिव्हा भाऊसाहेब, लिव्हा. न्हाईतरी कोन ऐकतंय ते.”

आणि हे खरंच होतं. प्रत्येक सभेत पहिला विषय असे तो मागचं प्रोसिडिंग वाचून कायम करण्याचा. गहिनीनाथ वाचत, संचालक सुपारी कातरत, शेवटी आप्पा सही करत. ती सही झाल्याशिवाय मागच्या सभेतलं काहीच अमलात आणायचं नाही, नेमणुकीचं पत्रसुद्धा द्यायचं नाही, हा सोसायटीचा पहिल्यापासूनचा रिवाज. पण कानाने ऐकून सही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गहिनीनाथांनी टाक दौतीत बुडवला. अकरा वर्षांत त्यांनी कुणाचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं नव्हतं. ‘आन तू पडला’पर्यंत हात नीट चालला, पुढच्या शब्दावर अडखळला, मग तोही उतरला.

“आता जबाब,” ते म्हणाले.

लिहायचं म्हटल्यावर इब्राहिम शाळेत उभा राहिल्यासारखा शुद्ध बोलू लागला.

“इब्राहिम अल्लाबक्ष शेख, राहणार संगमनेर, सांगतो की, पाणी कुणाच्या हातचं प्यावं आणि कुणाच्या हातचं डोळ्याला लावावं, हा ज्याच्या त्याच्या घरचा विचार आहे. त्यात मी बोलत नाही. पंपाचं पाणी पिकाला जातं. माझ्या हातच्या पाण्याला पिकाने हरकत घेतली, तर त्याच दिवशी मी किल्ली ठेवून घरी जाईन.”

टेबलाच्या टोकाला पदर सावरून बसलेल्या राहीबाईंनी एकदम मान वर केली. नवऱ्यामागे त्याचे शेअर त्यांच्या नावावर झाले होते, त्याबरोबर संचालकाची खुर्चीही आली होती. चार वर्षांत त्यांनी त्या खुर्चीवर बसून चहा आणि सही याखेरीज काही केलं नव्हतं. त्या इब्राहिमकडे पाहत राहिल्या.

इब्राहिमने बुकात आपल्या जबाबाखाली सही केली, सगळ्यांना सलाम केला आणि तो बाहेर गेला. मग छगनरावांच्या भाच्याचं नाव निघालं. गहिनीनाथांनी त्याच पानावर, चार बोटं खाली लिहिलं, ‘चर्चा होऊन सर्वानुमते ठरले.’

*

एसटीचा थांबा गहिनीनाथांच्या घरासमोरच होता. ते कचेरी बंद करून आले तेव्हा इब्राहिम लिंबाखालच्या दगडावर बसला होता. दिवस मावळत होता. त्याने रुमालाची गाठ सोडून दोन खजूर हातात घेतले होते आणि तो पश्चिमेकडे पाहत होता.

“रोजा सोडायचाय?” गहिनीनाथांनी विचारलं. “थांबा, पाणी आणतो.”

ते घाईने घरात गेले आणि तांब्याचा लख्ख तांब्या भरून घेऊन आले. इब्राहिमने खजूर तोंडात टाकला, ओंजळ पुढे केली. गहिनीनाथांनी वरून धार धरली. तो पोटभर प्याला, ओल्या हातांनी तोंड पुसलं.

“तुमचं नाव नाही लागलं, इब्राहिमभाई,” गहिनीनाथ म्हणाले. त्यांना ते एकदाचं सांगून टाकायचं होतं.

“व्हय. बाहेर ते पोरगं हसत आलं तवाच समजलो.”

“मग ते लिहून घ्यायला लावलंत, त्यातून मिळालं काय?”

इब्राहिमने उरलेला खजूर त्यांच्यापुढे धरला. गहिनीनाथांनी तो घेतला.

“माझी पोरगी हाय, जहिरा. सातवीला हाय. दर बारीला घरी गेलो की इचारती, काय झालं अब्बा? तीन बारी मी सांगितलं, ‘कळवतो म्हनले.’ तिसऱ्या बारीला तिनं पुढं इचारलंच न्हाई, गप भाकरी वाढली. आज सांगीन, नोकरी न्हाई भेटली, पन जबाब देऊन आलो. कागदावर हाय.” तो उठला. “गाडी आली. त्या पुलीचं तेवढं बघा, भाऊसाहेब. न्हाईतर ऐन पान्यात पट्टा उतरंल.”

गाडी गेली. गहिनीनाथ रिकामा तांब्या घेऊन घरात आले, तो माठाशेजारी ठेवायला वाकले आणि तसेच थांबले.

तांब्याला त्या माणसाचं बोटही लागलं नव्हतं. वरून ओता असं कुणी सांगितलं नव्हतं. मनात तर वाईट काही नव्हतंच, उलट त्या माणसाबद्दल ऊर भरून आला होता. पण हात आपोआप उंच झाला होता, आणि त्याची ओंजळही आपोआप पुढे आली होती. छगनरावांनी निदान विचारलं तरी होतं. गहिनीनाथांना स्वतःची लाज वाटली. ते तांब्या मांडीवर घेऊन ओट्यावर जाऊन बसले. बायकोने, मनकर्णाने, जेवायला दोन हाका मारल्या तेव्हा कुठे उठले.

*

पुढची सभा पंधरा दिवसांनी भरली. दोनच दिवसांपूर्वी ईद होऊन गेली होती. धरणाचं पाणी सुटल्याचा निरोप आला होता, उद्या सकाळी ते पाडळखेड्याच्या बंधाऱ्याला लागणार होतं. कुणाची पाळी कधी, हे ऐकायला कचेरीच्या ओट्यावर पन्नासेक सभासद जमले होते. खिडक्या सताड उघड्या होत्या.

“वाचा भाऊसाहेब, उरका,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी सुपारी काढली.

एरवी गहिनीनाथ प्रोसिडिंग वाचत ते घोडं दामटावं तसं. आज त्यांनी चष्मा पुसला, उभे राहिले आणि पोथी वाचावी तशा संथ, खणखणीत आवाजात वाचू लागले. शब्द न बदलता लिहिलेलं होतं, त्यामुळे छगनरावांचा प्रश्न छगनरावांच्याच हेलात बाहेर आला. ‘तुझ्या हातचं पानी गावानं डोळ्याला कसं लावायचं, ते सांग.’ ओट्यावरची कुजबुज थांबली. आप्पांचा अडकित्ता सुपारीवर थांबला.

मग जबाब. ‘माझ्या हातच्या पाण्याला पिकाने हरकत घेतली, तर,’ इथे ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं, पण गहिनीनाथांनी त्याच संथ आवाजात पुढचं वाक्य पुरं केलं.

“हे कशाला वाचलं?” आप्पांनी दबक्या आवाजात विचारलं.

“लिहिलंय म्हणून, आप्पा.”

“तेवढं वगळा आन खालचं कायम करा.”

“वगळायचं तर तसा ठराव लागेल. काय वगळलं ते ठरावात लिहावं लागेल. म्हणजे हे सगळं पुन्हा एकदा येईल.”

“मग पान काढा ते!”

“पानांवर नंबर आहेत. तालुक्याच्या कचेरीचा शिक्का आहे.”

गहिनीनाथांनी पानावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. आवाज कसा कोण जाणे, खणखणीतच राहिला.

“करा सही, आप्पा,” छगनराव म्हणाले. ते मानी होते आणि त्यांनी शब्द मागे घेतला नाही. “मी बोललोय, मला कबूल हाय.”

“बोलला तू, पन सही माझी!” आप्पा तडकले. “उद्या कोनी सायब बुक उघडंल. वरती हे वाचंल, खाली बघंल तर माझं नाव. मी न्हाई सही करायचा.”

“मग माझ्या भाच्याचं पत्र?”

“त्याच पानावर हाय ते!”

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. सही करावी तर तो प्रश्न आप्पांच्या नावावर कायम होत होता. न करावी तर नेमणूक लटकत होती, आणि उद्या सकाळी पाणी येत होतं. दोघांनी मिळून पंधरा दिवसांपूर्वी हसत हसत जे लिहू दिलं, त्याने आता त्यांनाच पार अडकित्त्यात धरलं होतं.

“भाऊसाहेब, माझं एक लिव्हा.”

भिंतीवरचं घड्याळ बोललं असतं तरी लोक एवढे दचकले नसते. राहीबाई उभ्या राहिल्या होत्या.

“लिव्हा. राहीबाईच्या उसानं हरकत घेतली न्हाई.”

“काय?” आप्पा म्हणाले.

“त्या मानसानं पिकाला इचारा म्हनलं हुतं. पंधरा दीस झाले, कुनी इचारलं का? मी इचारलं. माझा दीड एकर ऊस करपून चाल्लाय, पानांच्या सुरळ्या झाल्यात. त्यो म्हनतो, पानी कुनाच्याबी हातचं आना, पन उद्या आना.” त्यांचा आवाज आता सुटला. “आन दुसरं. मी मंगळवारी नदीवर गेल्ते. आमच्या धाकट्यानं इंजिनाला हँडल मारून दावलं. पट्टा खरंच चार बोटं सरकतोय. छगनभाऊ, तुमचा भाचा चांगला पोरगा हाय, माझ्या लेकासारखा. पन त्याला हे दिसलं का? मला बाईमानसाला दिसलं, कारन त्या मानसानं सांगून ठेवलं हुतं.”

मग ओट्यावरून एक म्हातारा आवाज आला,

“माझ्या हरभऱ्याचीबी हरकत न्हाई, लिव्हा भाऊसाहेब!”

“गव्हाची न्हाई!”

“कपाशी म्हनती, चालंल!”

हशा झाला, पण तो टिंगलीचा नव्हता. आतले संचालकही एकेक करून बोलले. कुणाचा गहू, कुणाचा मका. शेवटी आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, “आमच्या लसूणघासाचीबी काय हरकत न्हाई.”

गहिनीनाथ भराभर लिहीत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं.

“छगनराव,” त्यांनी विचारलं, “तुमच्या कांद्याचं काय लिहू?”

“माझं काय लिव्हू नका.” छगनराव भिंतीकडे पाहत होते.

गहिनीनाथांनी लिहिलं, ‘श्री. छगनराव यांनी आपल्या कांद्याविषयी काही सांगितले नाही.’ त्याखाली भाच्याची नेमणूक रद्द करून इब्राहिम अल्लाबक्ष शेख यांना नेमल्याचा ठराव लिहिला. त्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा ‘सर्वानुमते’ हा शब्द नव्हता; कोण बाजूने आणि कोण गप्प, ते नावानिशी होतं. त्या प्रश्नाचं उत्तर आता पुढच्याच पानावर होतं; आप्पांनी मागच्या पानावर सही केली आणि हात झटकला.

सभा आटोपताच गहिनीनाथ पत्र घेऊन संगमनेरच्या गाडीत बसले. इब्राहिमने दारातच पत्र वाचलं, मागे उभ्या असलेल्या जहिराच्या हातात दिलं आणि विचारलं, “पानी किती वाजता लागनार?” कोण बाजूने होतं आणि कोण नव्हतं, ते त्याने विचारलं नाही. पाने-पक्कड आणि कानस पिशवीत टाकून तो त्याच पावली निघाला. दिवस बुडायच्या आत त्याने पुली उतरवली होती.

*

सकाळी बंधाऱ्याला पाणी टेकलं. निम्मं गाव नदीवर आलं होतं. पट्टा नीट ताणून बसला होता, इंजिन पुसून ठेवलं होतं. पाळीच्या चिठ्ठ्यांत पहिलं नाव छगनरावांच्या कांद्याचं निघालं होतं, त्यामुळे त्यांना यावंच लागलं. ते पंपाच्या जवळ, पण पाठ फिरवून उभे होते.

पहिल्या दिवशी पंपाला घरच्या तांब्यातलं पाणी पाजायचं, मग नदीच्या बादल्या ओतायच्या, अशी पाडळखेड्याची पद्धत. गहिनीनाथ काखेत बुक आणि हातात भरलेला तांब्या घेऊन उतारावरून आले. त्यांनी तांब्या इब्राहिमच्या हातात दिला. इब्राहिमने तो ओळखला. क्षणभर गहिनीनाथांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी घेतला.

त्याने तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं, नरसाळ्यातून पाणी पंपात सोडलं. मागोमाग दोन बादल्या. पंपाच्या डोक्यावरच्या कॉकातून हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. ओतणारा एक आणि कॉक सांभाळणारा एक, असं दोन माणसांचं ते काम.

“छगनराव,” इब्राहिम म्हणाला, “जरा त्या कॉकाशी बसता का? हवा संपून पानी आलं की बंद करा.”

छगनराव वळले. पंपाकडे पाहिलं, पलीकडे आपल्या वावराकडे पाहिलं, आणि धोतराचा सोगा खोचून उकिडवे बसले. कॉक खोकला, थुंकला, आणि मग पाण्याची सरळ धार त्यांच्या बोटांवरून मनगटापर्यंत उतरली. त्यांनी कॉक आवळला. हात वर आला आणि अकरा वर्षांच्या सवयीने ओली बोटं उजव्या डोळ्याला लागली.

मग त्यांच्या ध्यानात आलं. हात तसाच चेहऱ्यासमोर राहिला.

इब्राहिमने ते पाहिलं होतं. त्याने लगेच पाठ फिरवली, हँडल उचललं आणि उगाच मोठ्याने म्हणाला, “बाजूला व्हा, समदे बाजूला व्हा.” सगळ्यांच्या नजरा इंजिनाकडे वळल्या. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने दम धरला, पट्टा सरळ रेषेत पळू लागला आणि वरच्या हौदाकडून पोरांचा गलका झाला.

त्या आवाजात कुणाचं लक्ष नसताना छगनरावांनी डावा डोळाही ओला केला.

गहिनीनाथांनी ते पाहिलं. बुक त्यांच्या काखेत होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही.